टाइमआउट मुलींचा असतो

मुनीरका, नवी दिल्ली
१८ ऑगस्ट २०२४

शशिमामा,

तुला फोन करण्यात काही अर्थ नाही हे परवा पटलं. मी विचारलं, गोळ्या वेळेवर घेतोस का, आणि तू मला कृष्णेच्या पाण्याची पातळी सांगितलीस. तुझं म्हणणं, चाळीस वर्षं शिट्टी फुंकून कान गेले. आई म्हणते, दुसऱ्याचं ऐकायची सवयच नव्हती त्यामुळे कानांनी राजीनामा दिला. ते काहीही असो, आजपासून मी तुला पत्रं लिहिणार. उत्तर दिलं नाहीस तर आईला तुझ्या घरी पाठवीन.

मोठी बातमी अशी की, तुझी भाची आता दिल्लीतल्या एका मुलींच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची कोच आहे. छाती फुगवून घे, पण थोडीच. नेमणूक मार्चपर्यंत आहे. मार्चमध्ये एक कमिटी बसेल आणि ठरवेल की, या कॉलेजला पूर्णवेळ कोच हवी की आठवड्यातून दोनदा येऊन शिट्टी वाजवणारं कोणी चालेल. गेल्या वर्षी संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता. प्रिन्सिपल मॅडम मला म्हणाल्या, "शेवटच्या चारात आलात तर बोलायला जागा राहील." मला ही नोकरी हवी आहे, मामा. पाच वर्षं शाळांमध्ये कवायत शिकवली, आता खरं काम मिळालंय.

संघ गमतीदार आहे. कॅप्टन अक्षया, नोएडाची. वडील केंद्र सरकारच्या खात्यात, घरी मराठी. ती माझ्याशी मराठी बोलते ते असं: "मॅम, तो पास मी बिल्कुल बघितलाच नाही, यार." मग स्वतःच जीभ चावते. ममता खटाना मानेसरची. वडील गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत, पहाटे कंपनीची बस पकडतात. त्याच वेळी ही शेअर ऑटोने निघून मेट्रो गाठते आणि सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. उंच, दणकट, चेंडू हातात आला की गुण झालेच. आणि लिनथोई, मणिपूरची, सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चपळ, पण बास्केटकडे बघायलाच घाबरते. चेंडू आला की लगेच ममताला देऊन मोकळी.

आता कामाचं. १९८९ चा कोल्हापूरचा फायनल. शेवटच्या टाइमआउटमध्ये तू एक शब्द बोलला नाहीस, नुसतं पाणी दिलंस आणि मुलींनी सामना जिंकला. ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे की, मला ती पाठ आहे. पण ते नेमकं केलंस कसं? मला तो मंत्र हवा आहे.

तुझी रुची


सांगली
३० ऑगस्ट २०२४

रुचे,

छाती फुगवली. शर्टाचं एक बटण गेलं, बाकी ठीक.

पत्र वाचून शेजारच्या परीक्षितला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, बँकेतही नेलं होतं. तू दिल्लीत कोच झालीस हे सांगलीत आता ज्याला माहीत नाही तो गावाबाहेर गेलेला असणार.

सरावाचं सांगतो. फ्री थ्रो दमलेल्या पायांनी घ्यायचे. आधी चार फेऱ्या पळवायचं, मग उभं करायचं. ताज्या पायांनी कोणीही टाकतं. बचाव पायांनी होतो, हातांनी फाऊल होतात. बुटकीला बास्केटखाली घाल. उंच मुली तिच्यावरून बघतात, तिला बघत नाहीत.

मंत्राचं म्हणशील तर तो एवढाच: टाइमआउट मुलींचा असतो, कोचचा नसतो. त्या दिवशी वीस सेकंद उरली होती, आपण एका गुणाने मागे होतो. मी शांत उभा राहिलो, पाण्याचा जग फिरवला. मला माझ्या मुलींवर भरवसा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'मौनाने जिंकलेला सामना'. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. त्या कात्रणावर माझी कॉलेजातली नोकरी कायम झाली, हेही खरं.

सुमीला यातलं काही विचारू नकोस. तुझी आई कॅप्टन होती खरी, पण तिला आता काही आठवत नसेल. पस्तीस वर्षं झाली.

गोळ्या घेतो. पाणी उतरलं.

शशिमामा


मुनीरका
१२ नोव्हेंबर २०२४

मामा,

हरलो. तेही नोएडाच्या एका निमंत्रित स्पर्धेत, जिथे आम्ही जिंकणारच असं मी अख्ख्या स्टाफरूमला सांगून ठेवलं होतं.

तुला वाटेल हवेमुळे. हवा अशी आहे की, समोरचा बोर्ड धुरकट दिसतो आणि मुली मास्क लावून पळायचा सराव करतात. पण ते कारण नाही. कारण मी आहे. दोन गुणांनी पुढे होतो, तीन मिनिटं होती. मी टाइमआउट घेतला. तुझा मंत्र डोक्यात होता, पण तोंड डोक्याचं ऐकत नाही. "ममता, डावीकडून जा. अक्षया, वेळ काढ. लिनथोई, शूट कर. नाही, नको करूस. झोन लावा. फाऊल करू नका. पाचव्या नंबरला धरा." अक्षयाने नंतर मोजून सांगितलं, एका मिनिटात सात सूचना, तीन भाषांत. मुली परत गेल्या त्या माझ्याकडे बघतच. पुढच्या तीन मिनिटांत आम्ही एकही गुण केला नाही.

बसमध्ये मुली मागच्या सीटांवर जाऊन बसल्या. मग ममता पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "मैम, बुरा ना मानो तो एक बात कहूँ? थारी आवाज सुण के म्हारी टाँग रुक जावै सै."

माझ्या आवाजाने त्यांचे पाय थांबतात. मामा, मला रडूच आलं. तू गप्प कसा बसू शकलास? तुझ्यासारखा स्वभाव माझ्यात नाहीच का? आईसारखी झाले वाटतं मी. तीही सगळ्यांच्या मध्ये बोलते.

रुची


सांगली
२४ नोव्हेंबर २०२४

रुचे,

रडणं झालं असेल तर वाच.

मानेसरच्या मुलीने तोंडावर सांगितलं ना? मग तू चांगली कोच आहेस. वाईट कोचला मुली बसमध्ये येऊन असं सांगत नाहीत. घरी जाऊन सांगतात.

गप्प बसायचाही सराव लागतो. स्वभावाचा काही संबंध नाही. रोज सरावात मध्येच खेळ थांबव. गुणफलक लाव, दहा सेकंद, एक गुण मागे. मग तू समोरच्या बास्केटखाली जाऊन उभी राहा, त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब. एक मिनिट त्यांचं. ठरवतील ते त्यांनी करून दाखवायचं. चुकलं तर चुकलं, त्याबद्दल बोलायचं दुसऱ्या दिवशी.

आणि सामन्यात हातात पाण्याची बाटली धर. हात रिकामे असले की माणूस बोलतो. मला हे कोणीतरी सांगितलं होतं. फार चांगलं सांगितलं होतं.

सुमीसारखी झालीस यात वाईट काय आहे?

शशिमामा


मुनीरका
२ फेब्रुवारी २०२५

मामा, मामा, मामा,

शेवटच्या चारात!

शांतपणे सांगते. तुझा सराव डिसेंबरभर केला. पहिल्या दिवशी मी लांब जाऊन उभी राहिले आणि मुलींनी त्यांचं अख्खं मिनिट माझ्या ट्रॅकसूटच्या रंगावर घालवलं. दुसऱ्या दिवशी भांडल्या. आठवडाभराने अक्षया बोलायला लागली, बाकीच्या ऐकायला. जानेवारीत एकदा लिनथोई बोलली. सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू बाकच बोलला. ती म्हणाली, "मी बास्केटखाली मोकळी असते. कोणी बघत नाही." एवढंच. पण त्या दिवसापासून रोज सराव संपला की ती एकटी थांबून बास्केटखालून शंभर शॉट मारायची.

उपांत्यपूर्व सामना. चौदा सेकंद उरलेली, आम्ही एका गुणाने मागे. मी टाइमआउट घेतला. डोक्यात पक्कं होतं, चेंडू ममताला. तिचे एकवीस गुण झाले होते. शब्द अगदी ओठांवर आला आणि मी पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांत धरलं. खरंच. फोटो आहे, पाठवणार नाही.

अक्षया म्हणाली, "ममता के पास दो लड़कियाँ आएँगी, पक्का." ममता म्हणाली, "तो मन्नै मत दो. मैं भागूँगी, दोनूँ मेरे पाछै आवैंगी. लिनथोई नै दो." मामा, एकवीस गुणांची मुलगी स्वतः म्हणते, मला देऊ नका! लिनथोईचा चेहरा पांढरा पडला होता. अक्षयाने तिचा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "तू टाकशील." तिला ते मराठी कळलं असेल की नाही कोण जाणे. पण टाकलं. एका गुणाने जिंकलो. मी बाटली कुठे फेकली ते मला अजून सापडलेलं नाही.

उपांत्य सामना अकरा गुणांनी हरलो आणि तिसऱ्या जागेचा जिंकलो. संघाला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात थालीपीठ खायला नेलं. ममताने सहा खाल्ली आणि विचारलं, हे रोज खाता म्हणून तुम्ही लोक बुटके का?

आता कमिटी. आधी एक अहवाल द्यायचा आहे. त्यात रकाना आहे: 'निर्णायक क्षणी प्रशिक्षकाने योजलेले डावपेच'. आमचे विभागप्रमुख विश्वास सर म्हणतात, "लिहा की, चेंडू लिनथोईला देण्याची योजना तुमची. मुली काही तक्रार करणार नाहीत. तुम्ही लिहिलंत की मी गप्प होते, तर कमिटी विचारेल, मग पूर्णवेळ कोच कशाला? गप्प बसायला आठवड्यातून दोनदा येणारा पुरतो." त्यांचं बोलणं खोटं नाही. मला भीती वाटते, मामा. मी अर्धा रकाना त्यांनी सांगितलं तसा लिहूनही टाकला आहे. शेवटी गप्प राहून मुलींना बोलायला शिकवलं ते मीच ना? तेव्हा पेपरातही सगळं श्रेय तुझ्या मौनालाच मिळालं होतं, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. अहवाल वीस तारखेला द्यायचाय.

तुझी शेवटच्या चारातली रुची


सांगली
८ फेब्रुवारी २०२५

रुचिता,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतो आहे, वीस तारखेच्या आत मिळायला हवं. चार वेळा फाडून पुन्हा लिहिलं.

आधी हे, की तुझं पत्र वाचून मी अंगणात उभा राहून ओरडलो. परीक्षित धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं. मी म्हटलं, माझ्या भाचीने बाटलीचं झाकण दातांत धरलं. त्याला काही समजलं नाही. माझ्या आयुष्यात मला इतका अभिमान कशाचा वाटला नव्हता.

आता दुसरं. कुणाचं काही बिघडलं नाही, असं तू लिहिलंस. बिघडलं होतं.

कोल्हापूरला त्या टाइमआउटमध्ये मी गप्प नव्हतो. मी ओरडत होतो. तुझ्या सात सूचना, माझ्या दहा असतील. अठ्ठावीस वर्षांचा होतो, नोकरी तात्पुरती होती. मुली भांबावून गेल्या होत्या. तेव्हा सुमीने पाण्याचा जग उचलला, माझ्या दोन्ही हातांत दिला आणि म्हणाली, "दादा, तू पाणी दे. आम्ही बोलतो." मी दिलं. काय करणार, हातात जग होता. वीस सेकंदांत कोणाकडे चेंडू द्यायचा ते तिने ठरवलं. मला ते ऐकूही आलं नाही. तेव्हा माझे कान चांगले होते.

सामना संपल्यावर पत्रकाराने विचारलं, तुम्ही गप्प कसे राहिलात? सुमी माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "मुलींना विचार करू द्यावा, हे माझं तत्त्व आहे." ती माझ्याकडे बघून हसली. मे महिन्यात तिचं लग्न झालं. मला नोकरी मिळाली, पुढे जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, शंभर ठिकाणी भाषणं दिली. प्रत्येक भाषणात तो जग होता, सुमी नव्हती.

हात रिकामे असले की माणूस बोलतो, हे मला कोणी सांगितलं ते आता तुला कळलं असेल. तिनेच, बसमध्ये परत येताना.

तो रकाना कसा भरायचा ते मी सांगणार नाही. मी कसा भरला ते सांगितलं.

शशिमामा


मुनीरका
२८ फेब्रुवारी २०२५

शशिमामा,

तुझं पत्र मिळालं तेव्हा दोन दिवस तुझा इतका राग आला होता की, उत्तर लिहायला घेतलं असतं तर तुला ते पत्र जपून ठेवावंसं वाटलं नसतं. आईच्या लग्नाच्या फोटोत तू मागे उभा राहून हसतोयस, तो फोटो मी कपाटात उलटा ठेवला. तिसऱ्या दिवशी सुलटा केला. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिणाऱ्या माणसावर किती दिवस रागवायचं?

रकाना खोडला. नवा लिहिला: 'शेवटच्या टाइमआउटमध्ये प्रशिक्षक काही बोलली नाही. योजना अक्षया आणि ममता यांची, शॉट लिनथोईचा.' विश्वास सरांनी वाचून कपाळाला हात लावला. पण सही केली.

काल कमिटी झाली. टेबलाच्या पलीकडे पाच जण, अलीकडे मी, अक्षया आणि ममता. अध्यक्ष सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला, "जर तुम्ही काही बोललाच नाहीत, तर आम्ही तुम्हाला नेमकं कशासाठी ठेवायचं?" माझी सगळी तयारी होती, मामा. तीन महिन्यांचा सराव, तक्ते, फ्री थ्रोची टक्केवारी. मी फाईल उघडून पानं उलटायला लागले.

अक्षया बोलायला उठत होती, तेवढ्यात ममता बसल्या जागेवरून म्हणाली, "सर जी, चुप रहणा हर किसी के बस की बात कोनी. म्हारे गाम में तो एक भी आदमी ना मिलै."

गप्प बसणारा एकही माणूस त्यांच्या गावात मिळायचा नाही म्हणे! सगळे हसले. अध्यक्षही. मग अक्षयाने डिसेंबरपासूनचा एकेक सराव सांगितला, दिवसवार, मी कुठे उभी राहायचे तेसुद्धा. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, "हे सगळं मॅडमनी ठरवलं होतं?" ती म्हणाली, "हो. आणि एक मिनिट आम्हाला दिलं, तेही त्यांनीच ठरवलं."

आज सकाळी पत्र हातात पडलं. पूर्णवेळ, तीन वर्षं. मुलींनी मला मैदानाभोवती चार फेऱ्या पळवलं आणि मग फ्री थ्रो टाकायला लावले. दहांतले तीन गेले. लिनथोई जोरात हसली, तीही सगळ्यांसमोर. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला माझाच हेवा वाटला.

मामा, माझा रकाना मी भरला. तुझा अजून तसाच आहे. आई मिरजेत राहते, सांगलीहून अर्धा तास.

रुची


मिरज
१६ मार्च २०२५

रुची,

तुम्हा मामाभाचीची पत्रं चालली आहेत आणि मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

दादा आठ दिवसांपूर्वी आला. दारात चप्पल काढायच्या आधीच रडायला लागला. हातात ते जुनं कात्रण. मला वाटलं कोणी गेलं. आत बसवलं, चहा दिला, तेव्हा सगळं बाहेर आलं. आज सांगलीला त्यांच्या कॉलेजच्या जुन्या खेळाडूंचा मेळावा होता. काय करणार आहे ते न सांगता मला घेऊन गेला. मंचावर त्याला बोलावलं, तर त्याने माइक घेतला आणि त्या पाण्याच्या जगाची खरी गोष्ट सांगितली, माझं नाव घेऊन, मला उभं करून. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. दादाला टाळ्या ऐकू येत नाहीत ना, म्हणून तो मंचावरून सगळ्यांचे हात बघत होता.

त्याला वाटतं, मी पस्तीस वर्षं ते वाक्य मनात धरून बसले होते. तुलाही तसंच वाटत असणार. नाही गं. तो बोलला तेव्हा मला हसूच आलं होतं, भ्यालेला होता बिचारा. पेपरात नाव येवो न येवो, मला त्याचं काही नव्हतं. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या सामन्यानंतर मी पुन्हा खेळू का, हे कोणी विचारलं नाही. दादानेही नाही, बाबांनी नाही, तुझ्या वडिलांनी नाही. सासरी चेंडू नव्हता, मैदान नव्हतं. मीही विचारलं नाही, तेव्हा नुसता दुसऱ्यांना दोष कसा देऊ? अठरा वर्षांची होते. जिंकले आणि संपलं.

तू त्या मुलींची नावं लिहिलीस, हे दादाने मला तुझं पत्र दाखवून सांगितलं. वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे पुसत बसले. तुझं फार कौतुक वाटतं गं मला. तू मोठी झालीस म्हणून नाही. भीती वाटत असतानाही खरं लिहिलंस, म्हणून.

एप्रिलच्या सुट्टीत तुमचं शिबिर आहे ना? मी येते आहे. दादाही येतोय, त्याला बाकावर बसव. मला बसवू नकोस. आठवडा झाला, इथल्या शाळेच्या मैदानावर रोज सकाळी जाते. डावा गुडघा कुरकुरतो. पण हात विसरलेला नाही.

काल बुटांच्या दुकानात गेले. पोरगा म्हणाला, "काकू, मॉर्निंग वॉकचे दाखवू ना?" म्हटलं, चालायचे नकोत बाळा, उडी मारायचे दाखव.

आई